लतिकाच्या करवंट्या

चंद्रहासची बायको लतिका गेली ती माळाभर करवंट्या मागे ठेवून. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये तिने कधी एक करवंटी टाकली नाही. "ठेवा, उपयोगी पडतील," म्हणायची. कशाला, ते कधी सांगितलं नाही. आता माळ्यावरून झुरळं उतरायची आणि सोसायटीचा सेक्रेटरी एडवर्ड तक्रार घेऊन जिना चढायचा.

"यातली एकही बाहेर जाणार नाही," चंद्रहासने त्याला बजावलं. "यांच्यावर दिवा लावून दाखवतो!"

चंद्रहासची नोकरी टेलिफोन खात्यात वायरी जोडण्यात गेली होती. लोडशेडिंगचे दिवस होते, आणि पेपरात आलं होतं की करवंटीच्या कोळशात वीज साठवता येते, शास्त्रज्ञ त्याच्या बॅटऱ्या करताहेत. शास्त्रज्ञांना जमतं ते टेलिफोन खात्याला का जमू नये? खात्याला टेलिफोनही धड जमत नव्हते, पण ते असो.

पैज ठरली. रविवारी संध्याकाळी वीज गेली की लतिकाच्या फोटोपुढचा इवलासा दिवा करवंट्यांवर पेटायला हवा. नाही पेटला, तर सोमवारी सगळा माळा कचऱ्याच्या गाडीत.

चंद्रहासने गच्चीवर बंद डब्यात करवंट्या भाजल्या. एडवर्डच्या तिथे वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी गुड फ्रायडेच्या शोकाला निघाल्यासारख्या काळ्या झाल्या. मग कोळसा कुटला, धुतला आणि बिस्किटांच्या डब्यात वाळत ठेवला. त्या डब्याशेजारीच तळमजल्यावरच्या इनेझमावशीचे बोंबील वाळत होते, आणि दातांना लावायची तिची ताजी भाजलेली मशेरीही. तीही बिस्किटांच्याच डब्यात. नाताळात सोसायटीने घरटी एकसारखे डबे वाटले होते.

रविवारी सगळी बिल्डिंग चंद्रहासच्या घरात जमली. स्टीलच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात कालवलेली काळी पूड, दुपारभर दिलेलं चार्जिंग. वेळेवर वीज गेली. चंद्रहासने बटण दाबलं.

फोटो अंधारातच राहिला. तंबाखूचा वास मात्र घरभर सुटला, आणि कुणीतरी शिंकलं.

एडवर्डने टॉर्च लावला तो नेमका दारात आलेल्या इनेझमावशीच्या तोंडावर. दात तव्याच्या बुडासारखे काळे.

"चंद्रहासभाऊ, डबे बदलले रे," ती म्हणाली. "दोन दिवस तुझीच पूड लावते मी. चक्कर नाय, मजा नाय. पन तोंडाचा वास गेला बघ. आमचा नवरा पॉल जवल बसून बोलला, लग्नानंतर पयल्यांदा."

"म्हणजे काका, तुम्ही हरलात," एडवर्ड म्हणाला.

"मशेरी हरली," चंद्रहास म्हणाला. "करवंट्यांची पाळी अजून आलेलीच नाही."

"पैज ती पैज. उद्या गाडी येईल."

इनेझमावशीने माळ्याखालचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसकण मारली. "गाडीत घालायच्या तर आधी मला घाल, एडवर्ड. मग तुझ्या आईला. तिनेपन मूठभर नेलीय."

एडवर्डने टॉर्च बंद केला.

सोमवारी गाडी रिकामी गेली. बायकांची रांग मात्र जिन्यापर्यंत आली, प्रत्येकीच्या हातात तोच बिस्किटांचा डबा. चंद्रहास दिवसभर कोळसा कुटत होता. बॅटरीपुरती चिमूट वेगळी काढून ठेवली होती, ती दुपारी पॉल घेऊन गेला.

संध्याकाळी वीज गेली. चंद्रहासने काळ्या हातांनी काडी ओढली आणि फोटोपुढे निरांजन लावलं.

"हसू नकोस," तो म्हणाला. "दिव्यासाठी म्हणून तू तरी कुठे सांगितलं होतंस!"