मागची खुर्ची

नौमानचं लग्न झालं ते २०२२ साल. त्याच साली त्याची बहीण माहरुख मुंबईहून समुपदेशनाची पदवी घेऊन महाडला परतली आणि बाजारात खोली घेऊन बसली. तीन महिने झाले, पण आत पंख्याशिवाय कुणी फिरकलं नाही. आई सलमाने बजावलं, "बकरी ईदपर्यंत बघते, नायतर त्या कुवेतच्या स्थळाला होकार कळवते."

ईदला आठ दिवस उरले आणि पोलादपूरकडच्या वाडीवरून येसूबाई आली. शिकवल्याप्रमाणे माहरुख समोर बसली, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बोला मावशी."

"अशी काय बघतेस गो? माझ्या तोंडाला काय लागलंय?" येसूबाईने पदर सावरला. अर्धा तास ती फणसाच्या पापडांवर बोलली आणि छत्री विसरून निघून गेली.

माहरुख छत्री घेऊन नाक्यावर धावली. येसूबाई दिलावरच्या, म्हणजे माहरुखच्या बापाच्याच रिक्षात मागे बसली होती. रिक्षा सुटत होती म्हणून माहरुख पुढे बापाशेजारी चढली. नाका मागे पडला तशी येसूबाई बोलू लागली, "दिलावरभाई, माझ्या हृतिकनं दोन वर्षं फोन नाय केला. सुनेला मीच नको ते बोलले." पोलादपूर येईपर्यंत बाई बोलत होती, रडत होती. दिलावर दोनदा "हां" म्हणाला आणि त्याने समोरचा आरसा छताकडे फिरवला.

परतताना माहरुखने विचारलं, "आरसा का फिरवलास?"

"रडत्या माणसाकडे बघू नये. मुंबईत इतकं पण नाय शिकवलं?"

शाळेला जाताना याच जागी बसून तिने अर्ध्या तालुक्याचं रडणं ऐकलं होतं. त्या नादानेच ती या शिक्षणाकडे वळली होती, आणि पदवी मिळताच नेमकं तेवढंच विसरली होती.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्च्या एकामागे एक मांडल्या. स्वतः पुढे, भिंतीकडे तोंड करून बसली. येसूबाई आली ती चार जणींना घेऊनच. एक रडायची, बाकीच्या सल्ले द्यायच्या. त्यातली मंजुळा तर रिक्षातल्या सवयीने म्हणाली, "बस गो, मला हितंच उतरव!"

डबा घेऊन आलेली सलमा दारातच थबकली. "दवाखाना काढलास का वडापची रिक्षा?"

पण कुवेतला नकार गेला.

पुढे एका शुक्रवारी नमाजनंतर मागची खुर्ची करकरली. खाकरण्यावरून माहरुखने बापाला ओळखलं, पण वळली नाही.

"सगळी दुनिया मला सांगते," दिलावर म्हणाला, "आणि घरात तुझी आई मला तोंड उघडू देत नाय." तो दीड तास बोलला. माहरुख दोनदा "हां" म्हणाली.

मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. गुरुवारची दुपार सलमाने आधीच धरून ठेवली होती, हे त्याला कधीच कळलं नाही.

दिलावर १३ डिसेंबर २०२४ला वारला. शुक्रवार होता.