अकरा नंबरचं न्हाणीघर

सोमवारी सकाळी सहज नकाशा उलगडला आणि निबियाने कपाळावर हात मारला. शनिवारी अकरा नंबरच्या न्हाणीघरात कमोडचा पाइप तिनेच बसवला होता. माप घ्यायचं होतं मागच्या भिंतीपासून, बाईसाहेबांनी घेतलं दाराकडच्या भिंतीपासून! वर काँक्रीट ओतून मोकळी. आता दार बसवलं की ते कमोडवर आपटणार, आणि बाहेरच्या बाजूला उघडावं तर स्वयंपाकाचा ओटा आडवा.

सालतो गावच्या त्या सहकारी वसाहतीची रीतच अशी, की सगळ्यांनी मिळून सगळ्यांची घरं बांधायची आणि कुठलं कुणाचं हे शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे अकरा नंबर निबियाच्याच बोकांडी बसू शकत होता. आणि तिला घर हवं होतं तेच मुळी न्हाणीघरासाठी! लग्न झाल्यापासून ती सासरी राहत होती, आणि सासूबाई एतेल्विना एकदा रेडिओ घेऊन आत गेल्या की मालिका संपल्याशिवाय बाहेर येत नसत. निबिया बाहेर टॉवेल धरून उभी.

चूक कबूल करावी? वसाहतीतल्याच दार्दोने मागे एक भिंत तिरकी बांधली होती. सभेने ती पाडायला लावली, आणि तेव्हापासून तो गावभर 'तिरका दार्दो' झाला. नको गं बाई!

चिठ्ठ्या निघाल्यावर दोघं राजी असतील तर घरांची अदलाबदल चालायची. तेव्हा निबियाने आतापासूनच अकरा नंबरचं कौतुक सुरू केलं.

"काय ते ऊन, काय तो वारा! आणि न्हाणीघर म्हणाल तर राजवाड्यात नसेल."

"एवढं?" मुकादम ओडिलोने माते नावाचा कडू चहा नळीने ओढता ओढता विचारलं.

"जाऊन बघा ना!" ती म्हणाली, आणि तो खरंच निघाला तशी घाबरून तिने स्वयंपाकाची पाळी मागून घेतली. त्यानंतर ती चुलीपाशीच राहिली. बांधकामाकडे फिरकायचा धीरच होईना.

चिठ्ठ्यांच्या दिवशी पायसान्दू गावाहून पाहुणे आले होते. सालतोचं बघून तिथेही साठ कुटुंबं वसाहत बांधायला निघाली होती. निबियाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तिने चिठ्ठी उघडली. सात! तिला रडूच आलं. नवऱ्याला मिठी मारून ती थेट सात नंबरच्या न्हाणीघराकडे पळाली.

दार अर्धं उघडलं आणि कमोडवर धाडकन आपटलं.

पोट आत घेऊन, आडवी होऊन ती कशीबशी आत शिरली. बाहेरून ओडिलोचा आवाज आला, "कसं वाटलं? तू एवढी वाखाणत होतीस म्हणून सगळीकडे अकराचंच माप धरलं. नकाशा कोण उलगडत बसतो?"

"पण दारं बसवताना कळलं नाही?"

"जरा अडतं खरं. पण सगळीकडेच अडतंय म्हटल्यावर आम्हाला वाटलं, असंच असेल."

तेवढ्यात पायसान्दूची एक बाई टेप घेऊन दाराशी आली. "जरा सरकता का? आमच्या साठ घरांना हेच माप लावायचंय."

साठ! साठ बायका जन्मभर आडव्या होऊन शिरणार! निबियाला राहवेना.

"लावू नका!" ती आतूनच ओरडली. "माझं चुकलंय हो! अकरा नंबरात मीच उलटं माप घेतलं!"

बाहेर सगळ्यात आधी हसला दार्दो. "बाहेर या, आडव्या निबियाबाई! किती वर्षं वाट बघतोय मी जोडीदाराची!"

सभेने हात वर करून ठरवलं, सगळी न्हाणीघरं फोडायची. निबियाला मान वर करायची लाज वाटत होती.

संध्याकाळी सात नंबरात सामान हलवून होतंय तोच दोन बॅगा आणि रेडिओ घेऊन सासूबाई हजर! "म्हटलं, इथेच राहावं तुमच्याजवळ. नव्या घरात मोठ्या माणसाचा हात हवा." निबियाचा चेहरा पडला. सासूबाई लगेच रेडिओ घेऊन न्हाणीघराकडे वळल्या. डावीकडून प्रयत्न झाला, उजवीकडून झाला, रेडिओ बाहेर ठेवूनही झाला.

"हे काय घर म्हणायचं?" त्या फणकारल्या. "मला आपलं माझंच बरं!" आणि शेवटच्या बसने परत गेल्या.

सकाळी ओडिलो छिन्नी-हातोडा घेऊन दारात उभा. "चला, तुझ्यापासूनच सुरुवात."

"छे छे, आधी बाकीच्यांचं करा," निबिया घाईघाईने म्हणाली. "चूक माझी ना? मग मीच भोगते."

त्याला वाटेला लावून तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि पोट आत घेऊन, आडवी होऊन, ती आपल्या न्हाणीघरात शिरली.