शिवशरणचा पोकरचा चेहरा

ऐक तर मर्दा, मधी बोलू नकोस. माणसाच्या प्रगतीतला सगळ्यात मोठा अडथळा म्हंजे त्याचं तोंड. हे दोन हजार सातात शाहूपुरीत, एका गुळाच्या दुकानाच्या माळ्यावर सिद्ध झालं. आमच्यातला जोतीराम चार दिस गोव्याला गेलता, येताना पोकर घिऊन आला. पोकर म्हंजे इंग्रजी बोलणारी तीन पत्ती. आल्या आल्या त्यानं प्रशिक्षण वर्गच काढला. (डावाला चिंचोके. वर्ग सुसंस्कृत हुता.)

नियम एकच. पान कसलंबी येऊ दे, चेहरा हलता कामा न्हाय. आन् समोरचा बोली वाढवाय लागला की समजायचं, थाप मारतोय. आता कोल्हापूरची माणसं! एक्का दिसला की नव्व्याण्णव टक्के विद्यार्थी "आला रं आला!" म्हणून बोंबलायचे, गुरुजींसकट. एकटा शिवशरण, दुकानमालकाचा पोरगा, मन लावून शिकला. आईनं आमटीत मूठभर मीठ घालून बघितलं. ढिम्म. (उत्तीर्ण.)

त्यातच विद्याश्रीचं स्थळ आलं. कॉलेजपासनं हा तिच्यावर मरत हुता, मर्दा! घरची सगळी गाडी करून गडहिंग्लजला गेली. पोहे झाले. दोघांना घरामागच्या परड्यात बोलाय धाडलं.

विद्याश्री सरळच म्हणाली, "मला तुमीच पसंत हाय. तुमचं काय?"

शिवशरणला थेट एक्काच लागला. पण एवढं भारी पान हातात आल्यावर दाखवतंय कोण? त्यानं तोंड दगडागत ठेवलं.

"उद्या बेळगावचं स्थळ येणार हाय," ती म्हणाली. "अप्पा हो म्हणतील."

बोली वाढली! म्हंजे थाप. शास्त्राप्रमाणं शिवशरणनं पापणीबी लवू दिली न्हाय.

"बरं," म्हणून ती आत गेली.

तिचे वडील शिवय्या दारात येऊन इचारत्यात, "पावणं, पोरगं बोलतंय न्हवं?"

बेळगावचा खरंच आला. बत्तीसच्या बत्तीस दात काढून हसला. सांजच्याला सुपारी फुटली.

वर्गानं शिवशरणचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. असा चेहरा जिल्ह्यात न्हाय, म्हणाले. सत्कारातबी तो हालला न्हाय. (आतलं कुणाला दिसलं न्हाय. दिसू नये म्हणूनच तर वर्ग हुता.)

हस, हस तू. तुमच्या शेजारची ती पोरगी बदलीच्या गावाला निघताना "येऊ का?" म्हणाली, तवा तू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत हुतास. आन् तुला तर कुणी शिकवलंबी नव्हतं. खरं सांग, त्या परड्यात तू काय केलं असतंस?