लाल गोलाचे डोनट

व्हर्न हॉकन्सनची भिंत गेली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. भिंत म्हणजे कंपनीच्या प्रगतीचा फळा. बर्फ उपसायची फावडी बनवणाऱ्या मिनेसोटातल्या त्या कारखान्यात पूर्वी नुसता नफा मोजायचे. पुढे व्हर्ननंच गिऱ्हाइकांचा, कामाच्या पद्धतीचा, शिकण्याचा असे रकाने वाढवले. मग रंगीत चुंबकांचे गोल आणले, हिरवा म्हणजे झकास, लाल म्हणजे बोंब. चुंबकांच्या खणाची किल्ली त्याच्याच खिशात असायची. आणि आता तिथे टॅमरा नावाच्या नव्या पोरीनं भलामोठा डिजिटल पडदा टांगला होता. तो आकडे परस्पर यंत्रांकडून घ्यायचा, व्हर्नला विचारायचासुद्धा नाही.

लोक कॉफी घेऊन पडद्यासमोर रेंगाळायचे. फळ्यासमोर मेलं कुणी कधी थांबलं नव्हतं. "टीव्ही माझ्या घरीपण आहे," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा.

कारखान्यात एक जुना रिवाज होता. ज्या विभागाला लाल गोल, त्यानं शुक्रवारच्या बैठकीत सगळ्यांना डोनट खिलवायचे. ते आणणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. म्हणून जो तो गुडघ्याएवढं उद्दिष्ट ठेवायचा, ते ओलांडायचा आणि व्हर्नकडून हिरवा गोल घेऊन जायचा. कित्येक वर्षांत बैठकीला डोनट आला नव्हता. पडद्याला मात्र असली भीडभाड नव्हती; त्यावरची उद्दिष्टं टॅमरानं खऱ्या गरजेप्रमाणे लावली होती.

व्हर्ननं हे बरोबर हेरलं. मालक ग्लेनकडे जाऊन तो साळसूदपणे म्हणाला, "आपला रिवाज पडद्यालाही लावू या. नियम तो नियम." एकाच शुक्रवारी लोक टॅमराला पडद्यासकट हाकलतील, असा त्याचा होरा होता.

शुक्रवार उजाडेपर्यंत पडदा लालेलाल झाला. एकेक विभाग मान खाली घालून डोनटचं खोकं घेऊन बैठकीला आला. पण सगळ्यांच्याच हातात खोकी, मग लाजायचं कुणाला? कुणीतरी फिस्सकन हसलं. तोंडं गोड झाली तशा जिभाही सुटल्या. रंग वाळायच्या आत फावडी खोक्यात जातात, हे रंगकामवाल्यांनी कबूल केलं. विक्रीवाल्यांनी घाई आमचीच म्हणून सांगून टाकलं. माझ्या कारखान्यात काय चाललंय ते मला आज कळलं, असं ग्लेन भरल्या तोंडानं म्हणाला.

व्हर्न तेवढा रिकाम्या हातानं बसला होता. त्याचा गोल राखाडी होता. त्याचं एकच उद्दिष्ट, फळा वेळेवर लावणं, आणि फळाच उरला नव्हता.

"व्हर्न, तुझं काय रे?" ग्लेननं विचारलं.

"त्यांचं मोजायला काही नाहीये सध्या," टॅमरा हळूच म्हणाली. तिनं टोमणा मारला नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

पुढच्या शुक्रवारी व्हर्न सगळ्यांच्या आधी आला, दोन खोकी घेऊन.

"मला लाल कर," तो टॅमराला म्हणाला.

"उद्दिष्ट काय लिहू?"

व्हर्ननं खोकी टेबलावर ठेवली. "लिही, टॅमरावर न जळणं."

तिनं हसू दाबत लिहिलं. "पण व्हर्न, हे यंत्राला कसं कळणार?"

"नाहीच कळणार. दर शुक्रवारी मला विचारावं लागेल."

"बरं, मग आज?"

"लाल," व्हर्न ऐटीत म्हणाला आणि त्यानं खोकं उघडून तिच्यापुढे धरलं.