पासंगाचा माणूस

वेंडेल ऑसगुड याने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सोफा विकत घेतला. वरवर पाहता ही बाब घरगुती वाटेल. परंतु डेटन प्रोपेलर्स या बास्केटबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत ती कळली तेव्हा सगळे गंभीर झाले. दोघांनी तर आपली खुर्ची त्याच्यापासून जरा लांब सरकवली.

"सोफा?" शेजारचा खेळाडू म्हणाला. "खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत गुरुवारी संपतेय आणि तुम्ही आत्ता सोफा घेतलात? काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"साधा नाहीये," वेंडेल हळूच म्हणाला. "कोपऱ्याचा आहे. दारातून जाईना, म्हणून खिडकी काढून आत घेतला."

कुणीतरी टोपी काढली.

वेंडेल चौतीस वर्षांचा होता. बास्केटबॉलमध्ये या वयाला काका म्हणतात. त्याने बरीच शहरं पाहिली होती, पण ती फार चांगलं खेळल्यामुळे नव्हे आणि फार वाईट खेळल्यामुळेही नव्हे. लीगचा नियम असा, की दोन संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली तर दोन्ही बाजूंच्या पगारांची बेरीज साधारण जुळली पाहिजे. एक मोठा खेळाडू इकडून तिकडे जातो, तिकडून दोघे-तिघे इकडे येतात आणि काटा जरा एका बाजूला कलतो. तो सरळ करायला काहीतरी टाकावं लागतं. ते काहीतरी म्हणजे वेंडेल. वाण्याच्या तराजूला जसा पासंग, तसा तो लीगला होता. आणि पासंगाला, बाबा रे, तुला कुठल्या पारड्यात बसायला आवडेल, असं कुणी विचारत नाही.

या धंद्यात वाईट बातमी तोंडाने सांगत नाहीत, मिठी मारून सांगतात. सामना चालू असताना फोन येतो, प्रशिक्षक खेळाडूला बाहेर बोलावतात, आणि बाकावरचे सगळे एकेक करून त्याच्या गळ्यात पडतात. हे टीव्हीवर थेट दिसतं. आपण गेलो, हे खेळाडूला मिठीवरून कळतं. कुठे गेलो, हे विमानतळावर सोडणारा टॅक्सीवाला सांगतो. त्यामुळे ऑसगुडांच्या घरात मिठी मारायला बंदी होती. आठ वर्षांची टेसा रोज झोपण्यापूर्वी वडिलांशी हस्तांदोलन करी.

यंदा मात्र घरात एक महत्त्वाचं कार्य निघालं होतं. टेसा एका शाळेत इतकी टिकली, की तिला शाळेच्या नाटकात मुख्य भूमिका मिळाली. घर पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या कासवाची. ही भूमिका तुला इतकी कशी समजली, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अनुभव आहे."

नाटक शुक्रवारी होतं. वेंडेलने शब्द दिला होता, की बाबा पहिल्या रांगेत बसेल. सोफा त्या भरात घेतला गेला.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण सोमवारी केल्व्हॉन प्रूइटने आपल्या फोनवरून जगाला नारळाच्या झाडाचं चित्र पाठवलं. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. केल्व्हॉन हा प्रोपेलर्सचा हिरा, वय वर्षं चोवीस, कराराची चार वर्षं शिल्लक. संघाचे महाव्यवस्थापक हॅल ब्रॅनिगन यांनी ते झाड पाहिलं, डेटनमध्ये नारळ होत नाही हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी त्याला ताबडतोब बोलावून घेतलं. संघातला ज्येष्ठ म्हणून वेंडेललाही बोलावलं.

"या, बसा केल्व्हॉन. काय घेणार? वेंडेल, तू उभाच राहा, गुडघ्यांना बरं असतं." ब्रॅनिगननी घसा साफ केला. "तर करारानुसार आम्ही तुम्हाला कुठेही पाठवू शकतो." हे त्यांनी स्वतःलाच आठवण करून द्यावी तसं म्हटलं.

"पाठवा की," केल्व्हॉन नम्रपणे म्हणाला. तो मुलगा खरोखरच नम्र होता. "फक्त माझी पाठ दुखते."

"कधीपासून?"

"तुम्ही कुठे पाठवता त्यावर आहे."

क्लबच्या डॉक्टरांनी त्याला नकाशासमोर उभं करून तपासलं. त्यांचं निदान असं, की दुखणं भौगोलिक आहे. यूटामध्ये कळ तीव्र, मिनेसोटात ती पायात उतरते, सॅक्रामेंटोच्या नुसत्या उल्लेखाने झोप उडते. मायामीवर बोट ठेवलं की रुग्ण वाकून पायाचे अंगठे धरतो.

"ऑर्लँडो?" ब्रॅनिगननी आशेने विचारलं. "तेही फ्लोरिडातच आहे."

"मान आखडते," डॉक्टर म्हणाले.

बातमी फुटली आणि डेटन शहर खवळलं. रेडिओवर दिवसभर फोन येत होते. आजकालच्या मुलांत निष्ठा उरलेली नाही, असं एक गृहस्थ कळवळून म्हणाले. ते तिसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना गाडीतून बोलत होते. चौकात केल्व्हॉनच्या नावाची खेळायची बनियनं जाळण्यात आली. जाळायला घरात बनियन नव्हतं त्यांनी ते क्लबच्या दुकानातून आणलं, आणि दुकानाचा तो वर्षातला सर्वोत्तम दिवस ठरला. मध्येच कुणीतरी विचारलं, की या व्यवहारात तो बिचारा ऑसगुड पुन्हा जाणार का? त्यावर पुढच्याने सांगितलं, "तो व्यवसाय आहे, साहेब. पगार मिळतो ना त्याला? एवढं काय मनावर घ्यायचं?" हे सगळ्यांना पटलं.

कारण काटा कलला होताच. केल्व्हॉनच्या बदल्यात मायामी बाराकुडाज तिघांना द्यायला तयार होते, आणि बेरीज जुळायला थोडंसं कमी पडत होतं. मंगळवारी सरावानंतर ब्रॅनिगन वेंडेलच्या दिशेने कोटाचं बटण सोडत येताना दिसले. मिठी मारण्यापूर्वी ते नेहमी बटण सोडत. वेंडेल बर्फाच्या यंत्रामागे लपला, आणि ते गेल्यावर थेट केल्व्हॉनच्या घरी गेला.

केल्व्हॉन आपल्या दिवाणखान्यातल्या तळ्याकाठी बसून माशांना चारा घालत होता. रंगीत जपानी मासे होते आणि प्रत्येकाला नाव होतं.

"केल्व्हॉन, तू जा," वेंडेल म्हणाला. "तुझं तू बघ, माझी काही हरकत नाही. पण शुक्रवारी माझ्या मुलीचं नाटक आहे. माझ्याऐवजी त्यांना दुसरं काहीतरी टाकायला सांग ना."

"काका, तुम्हाला जायचं नाहीये हे तुम्ही साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, नोंद घेतली."

"पाठ नाही दुखत तुमची?"

"दुखते. नऊ वर्षं दुखतेय. रात्री कूस बदलता येत नाही."

केल्व्हॉनने मान हलवली. "तिथेच चुकलात तुम्ही. खरं दुखणं चालत नाही, काका. खऱ्या दुखण्यावर गोळी देतात."

त्याने आणखी एक मूठ चारा तळ्यात टाकला.

"खरं सांगू?" केल्व्हॉन म्हणाला. "मलाही हे घर सोडवत नाही. हे मासे प्रवासात दगावतात."

"मग नको जाऊस."

"पण मला मायामीकडून खेळायचंय."

"दोन्ही कसं होईल?"

"माहीत नाही. दोन्ही मागून बघतो," केल्व्हॉन म्हणाला. "आणि तुम्ही डेटनमध्येच राहाल, हीसुद्धा माझी अट. शब्द दिला."

बुधवारी ब्रॅनिगन यांच्या कचेरीत वकिलांची गर्दी झाली. संध्याकाळपर्यंत तोडगा निघाला, आणि त्यात कुणालाही खोट काढता आली नाही. खेळाडूला संघाकडे नेता येत नसेल, तर संघाला खेळाडूकडे आणण्यास नियमांत कोणतीही आडकाठी नव्हती. सबब बाराकुडाज हा संघ आपले प्रशिक्षक, झेंडे आणि सामन्यात नाचणारा कापडी बाराकुडा मासा यांसह डेटनला येणार होता. प्रोपेलर्स सगळेच्या सगळे मायामीला जाणार होते. केल्व्हॉन प्रूइट आपल्या खुर्चीतून न उठता मायामीचा खेळाडू होणार होता. आणि काटा सरळ राहावा म्हणून आणखी एकच माणूस डेटनमध्ये मागे ठेवायचा होता: वेंडेल ऑसगुड.

वेंडेल घरी आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "कोरिन," तो बायकोला म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा मी न जाणारा पासंग झालो."

"मिठी मारू का?" कोरिनने विचारलं.

"उद्या तीन वाजता मुदत संपेपर्यंत थांब."

त्यांनी हस्तांदोलन केलं. टेसाने पाठीवरची कासवाची पुठ्ठ्याची ढाल सांभाळत दोघांच्या हातांवर आपला हात ठेवला.

दरम्यान एक लहानशी अडचण उपटली. केल्व्हॉनच्या लक्षात आलं, की संघ मायामीचा झाला तरी प्रेक्षक डेटनचेच राहतील, आणि ते त्याचं बनियन जाळून बसले आहेत. हुर्यो ऐकली की त्याच्या पाठीत चमक भरे. त्याला मायामीचे प्रेक्षक हवे होते. ब्रॅनिगननी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी क्लबच्या जाहिरातीकडे पाहिलं. क्लब गेली वीस वर्षं बसच्या पाठीवर, दुधाच्या डब्यावर, सगळीकडे एकच वाक्य छापत आला होता: 'आम्ही कुणीच नाही, तुम्हीच प्रोपेलर्स!' लोकांनी ते छातीवर मिरवलं होतं, दोघा-चौघांनी दंडावर गोंदवून घेतलं होतं. लीगने ते शब्दशः ग्राह्य धरलं. अख्ख्या हंगामाचं तिकीट असलेला प्रत्येक माणूस प्रोपेलर होता; आणि सगळे प्रोपेलर मायामीला चालले होते. त्यांच्या जागी मायामीचे प्रेक्षक येणार होते.

डेटनमध्ये हाहाकार उडाला. "पण आम्हाला कुणी विचारलं का?" रेडिओवरचे ते गृहस्थ ओरडले. त्यांना नवी नोकरी नुकतीच मिळाली होती, डेटनमध्ये.

"हा व्यवसाय आहे," ब्रॅनिगन म्हणाले. "मनावर घेऊ नका."

गुरुवारी दुपारी, मुदत संपायच्या जरा आधी, ऑसगुडांच्या दाराची घंटा वाजली. वेंडेलने दार उघडलं. समोर ब्रॅनिगन उभे होते आणि त्यांचा हात कोटाच्या बटणावर होता.

वेंडेलने डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचे हात आपोआप वर झाले. पण अंगावर काहीच आलं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा ब्रॅनिगन त्याला ओलांडून आत गेले होते आणि कोरिनच्या गळ्यात पडले होते.

"मला?" कोरिन त्यांच्या खांद्याआडून म्हणाली. "अहो, मला चेंडू धरताही येत नाही."

"वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत बसता. खेळाडूंच्या कुटुंबाला हंगामाची तिकिटं क्लबच देतो. तुम्ही दोघी आमच्या अगदी पक्क्या प्रोपेलर आहात." मग ते गुडघ्यावर बसून टेसाकडे वळले.

टेसा एक पाऊल मागे सरकली. "माझं पोट दुखतंय," ती म्हणाली.

"कधीपासून, बाळ?"

"मायामीत."

ब्रॅनिगननी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "हुशार आहेस. पण असं पोट दुखायला आधी स्टार व्हावं लागतं." आणि त्यांनी तिला ढालीसकट मिठी मारली.

नाटक मात्र ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच झालं. बाई, वर्ग, पडदे ओढणारे काका, सगळ्यांकडेच हंगामाची तिकिटं होती. त्यामुळे अख्खी शाळा मायामीला पोहोचली होती. कासव उत्तम झालं असं कळतं. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

त्याच संध्याकाळी डेटनमध्ये केल्व्हॉन प्रूइट नव्या प्रेक्षकांसमोर सुरेख खेळला. बाराकुडाज जिंकले, आणि मायामीहून आणलेले लोक स्वेटर घालून नाचले. वेंडेल बाकावर होता; त्याला उतरवलं गेलं नाही. जाताना केल्व्हॉनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शब्द पाळला की नाही, काका?"

"पाळलास," वेंडेल म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

तो घरी येऊन सोफ्यावर बसला. कोपऱ्याचा सोफा एकट्या माणसाला फार मोठा असतो. मग फोन वाजला.

"वेंडेल, जरा अडचण आहे रे," ब्रॅनिगन मायामीहून म्हणाले. "मायामीहून जितके प्रेक्षक डेटनला गेले, तितके डेटनहून इथे आले नाहीत. डोकी कमी भरतायत आणि लीग काटा सरळ करून मागतेय. तुझा या कामाचा अनुभव दांडगा. पासंगाला टाकायला कुणी आहे का तुझ्या ओळखीचं?"

वेंडेल सरळ बसला. त्याच्या आयुष्यात प्रथमच कुणाला तरी त्याच्याकडून काहीतरी हवं होतं.

"कसे लोक चालतील, साहेब?"

"प्रेक्षक, दुसरं काय. सगळं बघितलं, हसले, आणि मध्ये एक शब्द बोलले नाहीत, असे."

"आहेत," वेंडेल म्हणाला. "पण माझी पाठ दुखतेय. कोरिन आणि टेसा परत आल्याशिवाय नावं आठवायची नाहीत."

"शिकलात," ब्रॅनिगन म्हणाले. ते वेंडेलला प्रथमच अहो-जाहो करत होते. "रविवारी दोघी घरी असतील. बोला."

वेंडेलने मान वर केली. पहिल्या ओळीपासून इथवर जे त्याच्याबरोबर आले होते, सोफ्यावर हसले होते, पाठीवर हसले होते आणि मध्ये एक शब्द बोलले नव्हते, त्यांच्याकडे त्याने एकदा नीट पाहिलं. तो मनाने वाईट माणूस नव्हता. वाचकहो, त्याने तुमचा पत्ता अगदी हळू आवाजात सांगितला.

तेव्हा येत्या आठवड्यात कुणी अनोळखी गृहस्थ कोटाचं बटण सोडत तुमच्या दाराशी आले, तर मनावर घेऊ नये. तूर्त सोफा मात्र घेऊ नका.