स्पीड बम्पवरचं ‘कट्ट’

“उद्या बाबांना आणायला आपण मिनीकॅब करू या,” श्रद्धा दारातून म्हणाली, तेव्हा गाडीचं पुढचं चाक निघालेलं होतं आणि शार्दूल ड्राइव्हवेवर गुडघे टेकून त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता.

“मिनीकॅब कशाला? संध्याकाळपर्यंत गाडी रेडी,” तो म्हणाला. आवाजात जमेल तेवढा आत्मविश्वास त्याने आणला होता.

लंडनजवळच्या हॅरोतला एकही रस्ता स्पीड बम्पशिवाय नाही, आणि गेले काही आठवडे प्रत्येक बम्पवर त्यांच्या गाडीतून ‘कट्ट’ असा आवाज यायचा. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म असतो, त्यातलं रबराचं बुश झिजलंय, असं गाडीची वार्षिक तपासणी, म्हणजे एमओटी, करणाऱ्याने सांगितलं. गॅरेजला इतक्यात वेळ नव्हता. मग शार्दूलने रात्री जागून व्हिडिओ पाहिले आणि “हे तर मी घरीच करीन” असं जाहीर केलं. श्रद्धाला या वाक्याची धास्ती होती. याच वाक्यानंतर शॉवरचं पाणी खालच्या खोलीतल्या सोफ्यावर आलं होतं, आणि याच वाक्यानंतर उभं राहिलेलं फ्लॅटपॅकचं कपाट अजूनही फक्त भिंतीच्या बाजूने उघडत होतं.

“एक सांगून ठेवते,” ती म्हणाली, “उद्या बाबा गाडीत बसल्यावर तो आवाज आला ना, तर तुझा टूलबॉक्स सरळ चॅरिटी शॉपमध्ये. सीरियसली.”

शार्दूलने टूलबॉक्स हळूच आपल्याकडे ओढला. तो म्हणजे त्याचा जीव की प्राण. शिवाय येणार होते ते सासरे, शशिधरराव. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी विचारलं होतं, “मुलाला हाताने काय काय येतं?” आणि शार्दूलच्या आईने अभिमानाने उत्तर दिलं होतं, “टायपिंग!”

जुनं बुश निघता निघत नव्हतं. हातोडी, शिव्या आणि पुन्हा हातोडी, असं चालू होतं. कुत्रा फिरवणारे शेजारी क्षणभर थांबले, “ब्रेव्ह मॅन!” म्हणाले आणि कुत्र्याला घेऊन लगबगीने पुढे गेले. एकदाचं ते निघालं तेव्हा शार्दूलचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. पण नव्या बुशाची त्याला काळजी नव्हती. ते आकसून सहज आत जावं म्हणून त्याने सकाळीच फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ग्रीस कशाला लागू नये म्हणून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात.

आता आपल्या लोकांच्या फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं, हे काय सांगायला हवं? शार्दूलने डबा आणला, उघडला, आणि आत पांढराशुभ्र खवलेला नारळ निघाला.

“श्रद्धा! माझं बुश कुठंय?”

“मला काय माहीत? फ्रीजरमध्ये तर नारळाचे डबे आहेत. बाबांच्या करंज्यांसाठी ठेवलेत. एक मघाशी पलीकडच्या गल्लीतल्या आश्लेषाला दिला, तिच्याकडचा संपला म्हणून.” बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. “अरे देवा! तरीच जड लागला. मला वाटलं, मीच दाबून भरलाय.”

गाडी लोखंडी स्टँडवर उचललेली, चाक गवतात. शार्दूल काळ्या हातांनी पळतच आश्लेषाकडे गेला. तिने हसून दार उघडलं.

“ये ना! डबा हवाय? थांब थोडा. नारळ लवकर वितळावा म्हणून मी तो उकळत्या पाण्यात ठेवलाय.”

आकसायला ठेवलेलं बुश आता मस्त फुगलं होतं. ते पुन्हा फ्रीजरमध्ये गेलं. या वेळी डब्यावर श्रद्धाने मोठ्या अक्षरांत ‘खाऊ नये’ असं लिहिलं. शार्दूल फ्रीजरसमोर येरझारा घालत राहिला. उजेड उतरायला लागला तेव्हा बुश एकदाचं आत गेलं. चाक चढलं, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आल्यावर त्याने शेवटचा बोल्ट आवळला, आणि एकट्यानेच एक चक्कर मारली. एकाही बम्पवर आवाज नाही. स्टिअरिंग धरून तो लहान मुलासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी हीथ्रोहून निघताना शशिधरराव पुढे बसले, श्रद्धा मागे. मोटरवेवर सगळं शांत होतं. हॅरोतला पहिला बम्प आला, तसे शशिधररावांनी दोन्ही पाय गच्च रोवले. जावयाच्या ड्रायव्हिंगवर त्यांचा तेवढाच विश्वास होता.

कट्ट.

 शार्दूलला आरशात श्रद्धाची भुवई वर गेलेली दिसली. दुसरा बम्प त्याने मुंगीच्या वेगाने घेतला. तरीही कट्ट. घर येईपर्यंत प्रत्येक बम्पवर तेच. श्रद्धा किल्ली घेऊन दार उघडायला गेली. शार्दूलने इंजिन बंद केलं आणि टूलबॉक्सला मनातल्या मनात निरोप दिला.

शशिधररावांनी पाय उचलून बाहेर ठेवला. बंद गाडीत स्पष्ट आवाज आला. कट्ट.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“माझा गुडघा,” सासरे कुजबुजले. “तिला सांगू नका हं, शार्दूलराव. फिजिओथेरपिस्ट आहे ती. घरात बसवून नुसते व्यायाम करून घेईल. मला आयुष्यात एकदा लॉर्ड्स बघायचंय हो.”

ते इतके काकुळतीला आले होते की शार्दूलला गलबलून आलं. तेवढ्यात श्रद्धा परत आली.

“आत्ता पण आला ना आवाज?”

शार्दूलने बॉनेटवर हात ठेवला. “हो. गाडीचाच. माझं बुश नीट बसलेलं दिसत नाही.”

“इंजिन बंद असताना?”

“तेवढं खराब बसलंय.”

 श्रद्धाने बॅग उचलली. शशिधरराव जावयाच्या पाठीवर थाप मारून घरात शिरले आणि वरच्या खोलीत जायला जिन्याची पहिली पायरी चढले.

कट्ट.

श्रद्धाने खिडकीतून ड्राइव्हवेवरच्या गाडीकडे पाहिलं. मग वडिलांच्या गुडघ्याकडे. मग नवऱ्याकडे.

“बाबा, खाली बसा. लॉर्ड्सला नेते, पण आधी हा गुडघा बघू दे.” मग ती शार्दूलकडे वळली. “आणि तू. बुश मस्त बसवलंयस. आता जरा फ्रीजरमधून बर्फ आण.”

शार्दूल जवळजवळ उड्या मारतच फ्रीजरकडे गेला. बर्फाचा डबा त्याने बाहेर काढला, आणि झाकण उघडून आत बर्फच आहे ना, हे दोनदा पाहिलं.