गुंड्याचं तिसरं माणूस

दिवेलागणीच्या वेळी लवट्यांच्या गुंड्याने रुद्रप्पांना पहिल्यांदा घरी आणून सोडलं, तेव्हा शालनबाई भाकऱ्या थापत होत्या. रुद्रप्पा स्वतःहून आले नव्हते. डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलेल्या चार फेऱ्यांपैकी त्यांची तिसरी फेरी चालू होती. जुळे सोलापुरातल्या त्या वीस रो-हाऊसच्या सोसायटीत ते सात नंबरसमोर आले आणि मागून त्यांच्या गुडघ्याच्या लवणीला काहीतरी ओलं लागलं. ते गुंड्याचं नाक होतं. रुद्रप्पा डावीकडे सरकले, गुंड्याही सरकला. उजवीकडे सरकले, तर तो तिकडेही हजर. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. जरा वेळाने आपण लवट्यांच्या सोफ्यावर बसलो आहोत आणि उंबऱ्यात एक काळंकरडं कुत्रं आडवं पडलं आहे, एवढंच त्यांना कळलं.

"वैनी, मी काय केलो वो ह्याला?" त्यांनी विचारलं. रुद्रप्पा मूळचे अक्कलकोटचे, त्यांचं मराठी जरा कानडीच्या अंगाने जायचं.

शालनबाईंना उत्तर माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी चहा ठेवला. त्यांचे यजमान नागनाथ पेपर वाचत बसले होते. ते उठले, दारामागच्या खिळ्याची साखळी काढली, गुंड्याला मागच्या शेवग्याला बांधून आले आणि रुद्रप्पांची सुटका झाली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गुंड्याने त्यांना पुन्हा आणलं. तिसऱ्या दिवशी रुद्रप्पा घरून बिनसाखरेची बिस्किटं खिशात घालूनच निघाले.

आता हे कुत्रं लवट्यांच्या घरी आलं कसं, ते सांगायला हवं. नागनाथ लवटे सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. जन्म करकंबजवळच्या वस्तीवर, मेंढपाळाच्या घरात. पण सातव्या वर्षीच वडिलांनी त्यांना अकलूजच्या वसतिगृहात टाकलं. त्यामुळे मेंढरू आणि नागनाथ यांची गाठ सुट्टीपुरतीच पडली, आणि त्या सुट्ट्या त्यांना अजून आठवायच्या. कचेरीत मात्र ते सांगायचे, "कुत्र्याचं आमाला कुणी शिकवू न्हाय. रक्तातच हाय ते." फेब्रुवारीत त्यांच्या भीमामामांनी गुडघे गेले म्हणून सगळी मेंढरं विकली आणि गुंड्या बिनकामाचा उरला. कचेरीतल्या एका साहेबांनी नुकतंच झिपरं विलायती कुत्रं घेतलं होतं. आपलं अस्सल गावरान असावं, घराला राखणही होईल, असं नागनाथांच्या मनाने घेतलं.

भीमामामांनी गुंड्याला टेंपोत चढवताना दोनदा बजावलं होतं. "आरं, नुसतं राखणीचं न्हाय हे. घरातली माणसं मेंढरावानी धरतंय. सांजच्याला समदी आत आली का बघतंय, मगच आंग टाकतंय. लई चालवावं लागतंय त्याला. कामाबिगर ठिवू नगंस." नागनाथ "व्हय, व्हय" म्हणत टेंपोवाल्याला रस्ता समजावत होते. रक्तातच असलेल्या गोष्टी ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

सुरुवातीचे दोन महिने काही बिघडलं नाही, कारण घरात अंकिता होती. शिक्षण संपवून नोकरीची वाट बघत बसलेली त्यांची एकुलती एक मुलगी. गुंड्याला पिसाळू नये म्हणून टोचून आणलं तिने, महापालिकेचा परवाना काढला तिने, आणि रोज पहाटे तलावापर्यंत नेऊन आणलं तेही तिनेच. मग एप्रिलमध्ये तिला हैदराबादहून बोलावणं आलं. नागनाथांनी तिच्यासाठी अकलूजच्या एका पतसंस्थेत आधीच शब्द टाकून ठेवला होता. बोलाचाली झाली. शेवटी, रिक्षा दारात उभी असताना, नागनाथ म्हणाले, "जायचं तर जा. तुझ्यावाचून हितं काय अडत न्हाय." ती गेली.

त्याला चार महिने होत आले होते. अंकिता दर रविवारी आईला फोन करायची. शालनबाई स्पीकर चालू करून भाजी निवडायच्या आणि नागनाथ तिथेच पेपर धरून बसायचे. फोन चालू असेपर्यंत त्यांनी पान उलटलेलं शालनबाईंनी कधी पाहिलं नाही. नागनाथांना मुलीची फार आठवण यायची. हे त्यांना सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. घरात सगळे म्हणजे शालनबाई आणि गुंड्या.

गुंड्याचं चालणं आता दूधवाल्याच्या टपरीपर्यंत जाऊन येण्यावर आलं होतं. संध्याकाळ झाली की तो नागनाथांना हुंगायचा, स्वयंपाकघरात जाऊन शालनबाईंना हुंगायचा आणि फाटकाशी जाऊन बसायचा. तीन महिने त्याने अशी वाट पाहिली. मग त्याने स्वतःच्या अकलेने मार्ग काढला, त्यात रुद्रप्पा सापडले.

रुद्रप्पा लेकाकडे बंगळुरूला गेले त्या आठवड्यात गुंड्याची पंचाईत झाली, पण तो अडून राहिला नाही. सोमवारी त्याने गॅसवाल्याला आणलं. मंगळवारी पार्सलवाल्याला आणलं, तेही भरल्या पिशवीसकट. ज्यांची पार्सलं त्या पिशवीत होती, ते चार शेजारी शोधत शोधत सात नंबरमध्ये आले. गुंड्याने त्यांना खुशाल आत येऊ दिलं आणि एकेक करून बाहेरही जाऊ दिलं. शेवटी पार्सलवाला उठला, तेव्हा मात्र तो उंबऱ्यात आडवा झाला.

"बगितलं का?" शालनबाई म्हणाल्या. "चौघं गेली, तवा गप होतं. घरात तिघंच उरली, की तिसऱ्याला उठू देत न्हाय, अडीवतंय."

"कुत्र्याला काय मोजता येतंय का," असं म्हणून नागनाथांनी साखळी काढली.

शालनबाईंना ते कुत्रं पहिल्या दिवसापासून नको होतं. त्यांनी त्याच्यासाठी केलेल्या जागेवर ते कधी झोपत नसे, आणि केस तर मिठाच्या बरणीतसुद्धा निघायचे. मामांकडे सोडून या, हे त्या रोज एकदा तरी म्हणायच्या. मात्र रोज संध्याकाळी त्या भाकऱ्या करायच्या त्या तिघांच्या. उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी गुंड्याला जायची. हे चार महिने चाललं होतं आणि त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं.

गुरुवारी सोसायटीचे सेक्रेटरी सोमशेखर नोटीस घेऊन आले. ती फाटकावर चिकटवून गुपचूप निघून जावं, असा त्यांचा बेत होता. खळ लावून त्यांनी कागद उचलला, तेवढ्यात लवणीला नाक लागलं. नागनाथ नेमके अंघोळीला गेले होते, आणि गुंड्याला साखळी घालायला शालनबाई धजत नव्हत्या. सोमशेखरांना पाऊण तास बसावं लागलं. खळ लावलेली नोटीस कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून ते ती दोन्ही हातांत धरून बसले. शालनबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून दाराच्या पाठीला लावली आणि त्यांच्यापुढे भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवलं. नाही नाही म्हणत त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. अंघोळ करून आलेल्या नागनाथांनी टॉवेलवरच नोटीस वाचली. कुत्र्यामुळे रहिवाशांच्या फिरण्यावर बंधन आलं आहे, तरी आठ दिवसांत बंदोबस्त करावा, असं तिच्यात होतं.

"वहिनी, चटणी उत्तम होती," सोमशेखर जाताना म्हणाले. "पण नोटीस राहील."

शालनबाई आता खूश होतील असं नागनाथांना वाटलं होतं. पण मामांना फोन लावू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्या परात पुसू लागल्या. मग म्हणाल्या, "एकदा डॉक्टरला तरी दाखवा. आजारी जीव कुटं टाकायचा?"

शनिवारी नागनाथ त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर बुद्धप्रिया वयाने अंकिताहून फार मोठ्या नसाव्यात. गुंड्याचे कान, दात, पंजे बघताना त्या सगळं ऐकून घेत होत्या. नागनाथांनी रक्तातल्या ज्ञानाबद्दलही चार वाक्यं सांगितली. तीही त्यांनी ऐकली.

"काका, घरात माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"आणि हा आला तेव्हा?"

नागनाथ समोरच्या भिंतीवरची जंताच्या औषधाची जाहिरात वाचू लागले. ती वाचून झाल्यावर म्हणाले, "तीन."

गुंड्या अगदी ठणठणीत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याची जात कळपामागे दिवसभर चालणारी आणि संध्याकाळी कळप पुरता आत घेणारी. तुम्ही त्याचं चालणं काढून घेतलंत, काम काढून घेतलंत आणि कळपातलं एक माणूसही नाहीसं झालं. मग तो त्याच्या परीने भरती करतो आहे. कुत्रं आणण्याआधी त्याचा स्वभाव विचारून घ्यायचा असतो, असंही त्या म्हणाल्या. ते आपल्याला मामांनी दोनदा सांगितलं होतं, हे नागनाथांनी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास चालवणे. बाहेर दोरीशिवाय न सोडणे. दिवसभर बांधून न ठेवणे. आणि खाली: तिसऱ्या माणसास एकदा बोलावून घेणे.

"गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला एकदा दिसू द्या," त्या म्हणाल्या. "मग तो वाट बघायला शिकेल."

नागनाथांनी तो कागद सात रस्त्याच्या सिग्नलला वाचला, घरी येऊन वाचला आणि गच्चीवर जाऊन पुन्हा वाचला. मग त्यांनी फोन लावला. चार महिन्यांनी काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा कचेरीतली सवय कामाला आली.

"हॅलो, लवटे बोलतोय."

"मीपण लवटेच बोलतेय, आप्पा."

"डॉक्टरनं लिहून दिलंय," नागनाथ म्हणाले आणि त्यांनी कागद वाचून दाखवला, तारखेसकट. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"नक्की कोणी बोलावलंय, आप्पा? डॉक्टरांनी का तुम्ही?"

"गुंड्यानं," नागनाथ म्हणाले.

अंकिता पुढच्या शनिवारी आली. ती येईपर्यंतच्या सात दिवसांत नागनाथ पहाटे पाचला उठून गुंड्याला तलावापर्यंत नेऊ लागले होते. खरं तर गुंड्याच त्यांना नेत होता. पहिल्या दिवशी त्यांचे पाय सुजले. चौथ्या दिवशी पाण्याकडेने चालताना वडील मेंढरांमागून घालायचे ती शीळ त्यांना आठवली. त्यांनी ती घालून बघितली, तर गुंड्याने कान टवकारून त्यांच्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं. दोरीत चालणारा गुंड्या सोमशेखरांनी दोनदा पाहिला आणि नोटिशीची मुदत वाढवली. वाढवल्याचं सांगायला ते जेवणाच्या वेळेलाच आले.

रिक्षा थांबली तेव्हा नागनाथ फाटकात नव्हते. ते आत पेपर वाचत होते, पेपर कालचा होता. गुंड्याने अंगावर उड्या मारल्या नाहीत की तो भुंकला नाही. तो अंकिताच्या मागे गेला, तिच्या गुडघ्याच्या लवणीला नाक लावलं आणि तिला सावकाश दारातून आत आणलं. मग नागनाथांना हुंगलं, शालनबाईंना हुंगलं, तिला हुंगलं, आणि शालनबाईंनी केलेल्या जागेवर जाऊन अंग टाकलं. लगेच घोरायलाही लागला.

"वाळलीस," नागनाथ म्हणाले.

"तुम्हीपण," अंकिता म्हणाली. बोलण्यासारखं बरंच होतं, पण त्या दिवशी तेवढं पुरलं. संध्याकाळी बंगळुरूहून परतलेले रुद्रप्पा आपल्या पायांनी आले. गुंड्याने एक डोळा उघडला आणि मिटला. "आज आमाला आणायला कोण आलंच न्हाई की," असं रुद्रप्पा जरा हिरमुसून म्हणाले. त्यांच्या घरी संध्याकाळी दिवा लावायला ते एकटेच असत. शालनबाईंनी त्यांना उद्यापासून कुणी न आणताच यायला सांगितलं. त्या संध्याकाळी घरात तिघांच्या भाकऱ्या झाल्या आणि सगळ्या संपल्या.

रविवारी साडेसहाची गाडी होती. सहाला अंकिताने बॅग उचलली आणि गुंड्या उठून उंबऱ्यात आडवा झाला. तिने पाय उचलला की तो नाकाने तिला मागे सारायचा.

"आप्पा, साखळी घाला ना त्याला. माझी गाडी जाईल."

नागनाथांनी दारामागे हात घातला. गॅसवाल्यासाठी, पार्सलवाल्यासाठी, सोमशेखरांसाठी जी साखळी डोळे मिटून हाताला लागायची, ती खिळ्यावर नव्हती. त्यांनी चपलांच्या फडताळात बघितलं, मागे शेवग्यापाशी जाऊन आले. शालनबाईंना विचारलं, तर परातीपुढून मान वर न करता त्या म्हणाल्या, "तितंच असंल की. नीट बगा."

अंकिताने घड्याळ पाहिलं. सकाळी लवकर एक गाडी असते, असं ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली आणि बॅग खाली ठेवून गुंड्याशेजारी बसली.

शालनबाईंनी आणखी पीठ घ्यायला ज्वारीच्या पिठाचा डबा पुढे ओढला. आत हात घातला, आणि पिठाच्या डब्यात कधी ऐकू येऊ नये असा लोखंडाचा आवाज झाला. नागनाथ स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते. शालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पिठाने भरलेला हात डब्यातून काढला आणि झाकण घट्ट लावलं.

"सापडली का, आप्पा?" बाहेरून अंकिताने विचारलं.

"शोधतोय," नागनाथ म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाखाली शिरले. तिथे त्यांना जुनी उशी सापडली, अंकिताचा शाळेतला एक बूट सापडला. गाडीची वेळ होऊन गेली तरी ते तो बूट हातात घेऊन साखळी शोधत राहिले.